क्रूझ बुक करण्याआधी: मोठं जहाज की छोटं?

वाचकाचं पत्र: जुलैच्या मध्यात आम्ही पाच जण सात रात्रींच्या क्रूझवर जायचं म्हणतोय. मी, नवरा, बारा वर्षांचा मुलगा, सात वर्षांची मुलगी आणि एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई. त्यांच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. चालतात, पण उंच पायरी आणि लांबचं अंतर जमत नाही. मला बोट लागते. शेवटी दोन जहाजं उरली आहेत. पहिलं 2016 सालचं, 1,68,000 ग्रॉस टनेजचं, 4,180 प्रवाशांचं. ते बार्सिलोनाहून निघून पाल्मा, मार्से, ला स्पेझिया, चिव्हितावेक्किया आणि नेपल्स करून परत येतं. दुसरं 2003 सालचं, अलीकडेच नूतनीकरण झालेलं, 90,000 टनेजचं, 2,140 प्रवाशांचं. ते पिरेयसहून सँटोरिनी, मिकोनोस, कुशादासी, ऱ्होड्स आणि हेराक्लिऑन करतं. दुसऱ्याचं भाडं जरा कमी आहे. एजंट म्हणतात, छोट्या जहाजावर गर्दी नसते. मुलांना मोठंच हवंय. पहिल्या जहाजावर ‘गॅरंटी’ केबिन स्वस्तात मिळतेय. काय करावं?

उत्तर:

आधी एजंटचं म्हणणं आकडे मांडून तपासू, म्हणजे निम्मा गोंधळ तिथेच मिटेल.

ग्रॉस टनेज म्हणजे जहाजाचं वजन नव्हे. जहाजाच्या आत बंदिस्त जागा किती, याचं ते माप आहे. त्याला प्रवाशांच्या संख्येने भागलं की दरडोई जागेचा अंदाज येतो. पहिल्याचं येतं 40, दुसऱ्याचं 42. साधारणपणे 30 च्या खाली दाटी जाणवते, 50 च्या वर ऐसपैस वाटतं. मग 40 आणि 42 यांत तुमच्या अंगाला जाणवेल असा फरक जवळपास नाही. जहाज निम्मं आहे आणि माणसंही निम्मी आहेत, इतकंच.

पण हे गणित इथे थांबवू नका. 4,180 आणि 2,140 हे आकडे प्रत्येक केबिनमध्ये दोनच माणसं धरून काढलेले असतात. तिसरा-चौथा पलंग त्यात मोजलेला नसतो. तुम्ही जुलैत जाताय. शाळांना सुट्ट्या असतात तेव्हा तेच पलंग भरतात. म्हणून कंपनीच्या माहितीत ‘कमाल प्रवासी’ हा वेगळा आकडा शोधा आणि त्याने भागा. तुमच्या पहिल्या जहाजाच्या आकाराच्या जहाजांवर तो 4,900 च्या आसपास असतो, दुसऱ्याच्या आकाराला 2,490 च्या आसपास. म्हणजे 34 आणि 36. सुट्टीच्या हंगामात हे दुसरे आकडेच खऱ्याच्या जवळ जातात, आणि दोन्ही जहाजांवर नाश्त्याच्या वेळी बुफेत टेबल शोधावं लागणार, हे धरून चाला.

या आकड्याच्या दोन खोडी माहीत असलेल्या बऱ्या. एक म्हणजे तो फक्त बंदिस्त जागा मोजतो. उघडा डेक, पूलच्या कडेची खुर्च्यांची जागा त्यात येत नाही, आणि जुलैत सगळी गर्दी नेमकी तिथेच असते. दुसरी खोडी अशी की काही नव्या जहाजांवर महागड्या सुइट्ससाठी वेगळा विभाग असतो. त्याचा पूल वेगळा, जेवणघर वेगळं, दार कार्डाशिवाय उघडत नाही. ती जागाही टनेजमध्ये धरलेली असते, पण तुमच्या वाट्याला येत नाही. डेक प्लॅनवर, म्हणजे जहाजाच्या मजल्यांच्या नकाशावर, असे भाग वेगळ्या रंगात दाखवतात. ते डोळ्यांनीच वजा करा आणि उरलेल्या जागेत पूल किती, बसायच्या जागा किती, ते मोजा.

‘नूतनीकरण’ या शब्दावरही जरा थांबा. प्रवासी जहाजाला पाच वर्षांत किमान दोनदा ड्राय डॉकमध्ये, म्हणजे पाणी उपसलेल्या गोदीत, जाऊन तळाची तपासणी करून घ्यावीच लागते. त्यामुळे ड्राय डॉकला गेलं, एवढ्याने जहाज नवं झालं असं नाही. नुसते गालिचे, गाद्या आणि पडदे बदलले, की बाथरूम, एसी आणि नळांपर्यंत हात घातला, हे विचारा. आणखी एक गोष्ट अशा वेळी बरेचदा घडते. वाचनालय, पत्त्यांची खोली, मोठा लाउंज असल्या जागा मोडून तिथे नव्या केबिन बसवतात. टनेज होतं तेवढंच राहतं, प्रवासी वाढतात. तुम्हाला मिळालेला 2,140 हा आकडा नूतनीकरणाच्या आधीचा असेल तर वरचं 42 कधीच खाली आलेलं असेल. ताज्या डेक प्लॅनवरून खात्री करा. इंटरनेटवर जुन्या प्लॅनच्या प्रती भरपूर फिरत असतात.

जहाजाच्या वयात लपलेला एक फरक मात्र जाहिरातीत कधी येत नाही. 1 जुलै 2010 नंतर ज्यांच्या बांधणीला सुरुवात झाली अशा मोठ्या प्रवासी जहाजांना एक आंतरराष्ट्रीय नियम लागू आहे. ठरावीक मर्यादेतली आग लागली किंवा एका कप्प्यात पाणी शिरलं, तरी जहाजाला स्वतःच्या बळावर बंदरापर्यंत परतता आलं पाहिजे आणि तोवर प्रवाशांसाठी प्यायचं पाणी, स्वच्छतागृह, उजेड, हवा या किमान सोयी सुरू राहिल्या पाहिजेत. त्यासाठी इंजिनं आणि वीजयंत्रणा वेगवेगळ्या कप्प्यांत विभागून बसवतात. तुमचं पहिलं जहाज या नियमात बसतं. दुसऱ्यावर तो बंधनकारक नव्हता. म्हणून दुसरं असुरक्षित आहे असं अजिबात नाही, त्याचीही तपासणी दरवर्षी होते. पण बाकी सगळं सारखं असेल तर मी नव्या जहाजाकडे झुकेन, आणि झुकण्याचं कारण वॉटरस्लाइड नसून हे असेल.

आता तुमच्या घरचं बघू. निर्णय खरा इथेच होणार आहे.

सासूबाईंचा गुडघा

प्रत्येक बंदराच्या नावापुढे कंसात बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा: ‘डॉक’ की ‘टेंडर’. डॉक म्हणजे जहाज धक्क्याला लागतं आणि उताराच्या फळीवरून चालत उतरता येतं. टेंडर म्हणजे जहाज समुद्रातच नांगर टाकतं आणि लहान बोटीतून किनाऱ्यावर नेतात. जहाजाच्या कडेच्या दारातून त्या बोटीत पाऊल टाकावं लागतं आणि त्या क्षणी बोट वरखाली होत असते. खलाशी दोन्ही हातांना धरतात, तरी पाऊल स्वतःलाच उचलावं लागतं. लाटा जरा वाढल्या की चाकाच्या खुर्चीवरच्या आणि चालायला त्रास असलेल्या प्रवाशांना थांबवतात, आणि ते योग्यच आहे.

तुमच्या पहिल्या मार्गावरची पाचही बंदरं मोठी आहेत, एवढ्या जहाजाला धक्का मिळतो. दुसऱ्या मार्गावर सँटोरिनीला टेंडर आहेच. मिकोनोसला नव्या बंदरात धक्का आहे, पण जागा थोडी. त्या दिवशी तीन-चार जहाजं आली तर काहींना बाहेर नांगर टाकावा लागतो. बंदरांची वेळापत्रकं इंटरनेटवर खुली असतात. तुमच्या तारखेला मिकोनोसला किती जहाजं आहेत ते आजच पाहता येईल.

सँटोरिनीचं जरा सविस्तर सांगते, कारण बहुतेक लोक हा मार्ग तिच्यासाठीच घेतात. जुन्या बंदरावर उतरलं की फिरा गाव वर कड्यावर असतं. जायला तीन वाटा: केबल कार, सहाशेच्या आसपास पायऱ्या, नाहीतर त्याच पायऱ्यांवरून गाढव. सासूबाईंसाठी केबल कार हा एकच पर्याय, आणि जुलैत तिची रांग उन्हात, बराच वेळ. जहाजाकडूनच सहल घेतली तर बहुतेक वेळा टेंडर अथिनिओस बंदराला नेतं आणि तिथून बस वर जाते. ते चढणीला सोपं पडतं. पण परतताना सहसा फिरातच सोडतात आणि खाली यायला पुन्हा केबल कारची रांग. समजा कागदावर दुपारी 12 ते रात्री 8 असं लिहिलंय. नांगर टाकून पहिली टेंडर सुटेपर्यंत अर्धा तास जातो. पहिल्या टेंडर जहाजाची सहल घेतलेल्यांना देतात, म्हणून तुमची पाळी येईपर्यंत आणखी तास. वर पोचायला अर्धा-पाऊण तास. शेवटची टेंडर साडेसातला असेल, तर ती गाठायला साडेपाच-सहाला खालच्या रांगेत उभं राहावं लागेल. आठ तासांतले जेमतेम साडेतीन-चार तास हाती लागतात. ज्याला सँटोरिनी बघायचीच आहे त्याला तेही पुरतील. गुडघ्याला मात्र तो दिवस जड जाईल.

पहिल्या मार्गाला या बाबतीत डोळे झाकून गुण देऊ नका. तिथली फसगत निराळी आहे. ब्रोशरवर ‘रोम’ छापलेलं असतं, जहाज लागतं चिव्हितावेक्कियाला, म्हणजे रोमपासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर. ‘फ्लॉरेन्स’ असेल तर ला स्पेझियाहून ते दीडशे किलोमीटरच्या आसपास पडतं. जाऊन-येऊन चार-पाच तास बसमध्ये जातात. सासूबाईंना घेऊन असाल तर ला स्पेझियाच्या दिवशी फ्लॉरेन्सचा हट्ट सोडा, जवळपास फिरा. नेपल्सचं क्रूझ बंदर शहराला अगदी चिकटून आहे, तिथे उतरलं की शहरच सुरू होतं. मार्सेला धक्का जुन्या बंदरापासून बराच दूर आहे. शटल बस लागते, तिचे पैसे वेगळे घेतात का ते विचारून ठेवा. पाचही दिवस खाली उतरलंच पाहिजे असंही काही नाही. बंदराच्या दिवशी जहाज रिकामं असतं. पूल, लिफ्ट, बुफे, सगळीकडे मोकळीक. सासूबाईंचे दोन दिवस असे जहाजावर ठेवलेत तर त्यांनाही बरं वाटेल.

जहाजावरच्या अंतराचं काय? पहिलं सुमारे 345 मीटर लांब, दुसरं सुमारे 290. एका टोकाला थिएटर आणि दुसऱ्या टोकाला जेवणघर असलं तर मोठ्या जहाजावर एका संध्याकाळी अर्धा किलोमीटर सहज चालणं होतं. त्यावर उपाय दोन. केबिनची जागा नीट निवडणं, त्याबद्दल पुढे सांगते. आणि घडीची चाकाची खुर्ची सोबत नेणं. जहाजावरच्या खुर्च्या बहुतेक ठिकाणी फक्त चढण्या-उतरण्यापुरत्या देतात, आठवडाभर वापरायला नाही. बाथरूमच्या दाराशी जहाजात बोटभर ते वीतभर उंच उंबरठा असतो, बाल्कनीच्या दाराशीही असतो. रात्री अंधारात, हलत्या जहाजावर, गुडघ्याच्या माणसाला तोच नडतो. बिनउंबरठ्याच्या, रुंद दाराच्या खास केबिन मोजक्या असतात आणि लवकर जातात. ती मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर शॉवरमध्ये बसायचं स्टूल बुकिंगच्या वेळीच लिहून मागा. आयत्या वेळी मिळत नाही.

तुम्हाला बोट लागते

जहाज मुख्यतः दोन तऱ्हांनी हलतं. डावी-उजवीकडे कलतं, आणि पुढचं टोक वर तर मागचं खाली असं झुलतं. कलणं कमी करायला पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखांसारखी पाती असतात, त्यांना स्टॅबिलायझर म्हणतात. ती दोन्ही जहाजांवर असणारच. पण जहाज वेगात असतं तेव्हाच ती नीट काम करतात, आणि पुढे-मागे झुलण्यावर त्यांचा काहीच इलाज चालत नाही. तिथे जहाजाची लांबी उपयोगी पडते. जहाज लाटेच्या तुलनेत जितकं लांब, तितकं झुलणं कमी. त्यामुळे 345 मीटरवालं सरस.

त्याहून मोठी बाब समुद्राची. एजियन समुद्रात जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा वाहतो. आकाश निरभ्र असतं, ऊन लख्ख असतं आणि वारा मात्र दिवसचे दिवस जोरात. सँटोरिनी आणि मिकोनोसच्या फेऱ्या त्यामुळे रद्द होतात. मिकोनोस तर त्यासाठी प्रसिद्धच आहे. पश्चिम भूमध्य समुद्रात मार्सेच्या बाजूला मिस्त्राल वाहतो, पण त्याचा खरा जोर हिवाळ्यात आणि वसंतात. जुलैत बोट लागणाऱ्या माणसाने दोन्हींतून निवड करायची तर पश्चिमेचा मार्ग.

बंदर रद्द झालं तर पैसे परत मिळतील या भ्रमात राहू नका. सहसा त्या बंदराचा कर आणि फी तेवढी परत करतात. मार्ग बदलायचा हक्क कंपनी तिकिटाच्या करारात राखून ठेवते. जहाज गेल्या जुलैत प्रत्यक्ष कुठे-कुठे थांबलं, हे मरीनट्रॅफिकसारख्या जहाजांचा माग दाखवणाऱ्या साइटवर किंवा त्या-त्या फेरीच्या प्रवाशांच्या नोंदींत शोधता येतं. वेळापत्रकापेक्षा ते जास्त खरं बोलतं.

केबिन

‘गॅरंटी’ केबिन तुमच्यासाठी नाही. त्यात प्रकार ठरलेला असतो, म्हणजे आतली, खिडकीची किंवा बाल्कनीची. नंबर कंपनी तिच्या सोयीने देते, कधीकधी निघायच्या दोन-चार दिवस आधी. उरलेल्या केबिन का उरल्या असतील, याचा विचार करा: अगदी पुढच्या टोकाला, नाइट क्लबच्या वर, लाइफबोटीने झाकलेल्या खिडकीची. दोन तरुण मित्रांना ते चालेल. तुम्हाला बोट लागते, सासूबाईंना लिफ्ट जवळ हवी, दोन केबिन शेजारी-शेजारी हव्यात. यातलं काहीच गॅरंटीत मागता येत नाही. दोन केबिन दोन वेगळ्या डेकवर आल्या तरी तक्रारीला जागा नाही.

डेक प्लॅन तीन मजल्यांचा एकत्र उघडा: तुमचा, वरचा, खालचा. वर पूलचा डेक असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज थेट डोक्यावर येतो. वर स्वयंपाकघर किंवा बुफे असेल तर भांड्यांच्या ढकलगाड्या. खाली थिएटर किंवा डान्स फ्लोअर असेल तर मध्यरात्रीपर्यंत ठेका. अगदी मागच्या टोकाला इंजिनाची थरथर जाणवते, पुढच्या टोकाला खालच्या मजल्यांवर बंदरात शिरताना बाजूला सरकवणाऱ्या थ्रस्टरचा घरघराट सकाळी सहाला उठवतो. प्लॅनवर कोरी, नाव नसलेली पांढरी चौकट शेजारी दिसली तर सावध राहा. ती बहुधा सफाईवाल्यांची खोली किंवा कामगारांची लिफ्ट असते. सगळ्यांत शांत जागा म्हणजे वर, खाली आणि शेजारी फक्त केबिन असलेली.

हलणं सगळ्यांत कमी जाणवतं ते लांबीच्या मध्याला आणि खालच्या मजल्यांवर. पण बऱ्याच मोठ्या जहाजांवर लिफ्टचे दोनच गट असतात, एक पुढे आणि एक मागे. मग नेमकी मधली केबिन लिफ्टपासून सर्वांत लांब पडते! तुमच्या घरात दोन्ही गरजा आहेत, म्हणून तडजोड अशी करा: लिफ्टपासून मध्याच्या दिशेने पाच ते आठ दारं सोडून. एका केबिनची रुंदी साधारण तीन मीटर धरली तर सासूबाईंना पंधरा ते पंचवीस मीटर चालावं लागेल, आणि लिफ्टपाशी रात्री गप्पा मारणाऱ्यांचा आवाज दाराशी येणार नाही. डेक शक्य तितका खालचा घ्या, फक्त समोर लाइफबोट येत नाही ना ते पाहून. तुमच्यासाठी किमान खिडकी तरी असावी. क्षितिज दिसलं आणि वारा लागला की मळमळ आटोक्यात राहते, आतल्या केबिनमध्ये दोन्ही नाही. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा उपयोग थोडा. कुठली आणि किती आधी घ्यायची ते डॉक्टरांना विचारा, आणि सासूबाईंसाठी वेगळं विचारा, कारण या गोळ्यांनी झोप येते आणि वयस्कर माणसाचा तोल जाऊ शकतो.

पाच जण आहात तर तीन अधिक दोन अशी वाटणी करा: तुम्ही दोघं आणि मुलगा, शेजारी सासूबाई आणि नात. सासूबाईंना एकटी केबिन दिली तर बहुतेक कंपन्या जवळपास दोघांचं भाडं घेतात. त्यांच्या केबिनमध्ये पलंग जोडून एक मोठा न ठेवता दोन वेगळे लावून हवेत, हे आधी कळवा. तुमच्या केबिनमध्ये तिसरा पलंग सोफ्याचा की छतातून उतरणारा, ते विचारा. सोफा उघडला की 17 चौरस मीटरच्या खोलीत रात्री बाल्कनीपर्यंत जायला वाट राहत नाही. आणि चौरस मीटर सांगताना बाल्कनी धरून सांगितलीय का, हेही. मधलं दार असलेल्या जोड-केबिन तुम्हाला सोयीच्या, पण त्या दारातून आवाज येतो. म्हणून दोन्ही केबिन तुमच्याच असतील तरच घ्या. पलीकडे अनोळखी कुटुंब नको.

इथे एक गोष्ट लोकांना चक्रावून टाकते. केबिन रिकामी दिसते, तिच्यात तीन पलंगही आहेत, तरी तीन नावं टाकली की ‘उपलब्ध नाही’ येतं. प्रत्येक केबिन आणीबाणीत जमण्याच्या एका ठिकाणाशी आणि लाइफबोटींशी जोडलेली असते. त्या भागातल्या लाइफबोटींची क्षमता भरली की पलंग असूनही तिसरा माणूस घेत नाहीत. त्याच प्रकारची केबिन जहाजाच्या दुसऱ्या भागात शोधली तर मिळू शकते. सुट्टीच्या हंगामात तीन माणसांच्या केबिन म्हणूनच आधी संपतात.

खरा खर्च

‘दुसऱ्याचं भाडं जरा कमी’ यावर विसंबू नका. दोन्हींचा एकूण खर्च काढा आणि पाच माणसं गुणिले सात रात्री, म्हणजे 35 ने भागा. एकूणमध्ये काय धरायचं? भाडं, बंदरांचा कर आणि फी, रोजची टिप (बहुतेक ठिकाणी मुलांचीही लागते), इंटरनेट (किती फोनवर एकाच वेळी चालतं ते बघून), पेयांचं पॅकेज, सहली, विमानतळापासूनची ने-आण, आदल्या रात्रीचं हॉटेल, विमा. एका जहाजाच्या भाड्यात टिप आणि इंटरनेट धरलेलं आणि दुसऱ्याच्या नाही, असं नेहमी असतं. तिथेच ‘जरा कमी’ उलटं होतं. पेयांच्या पॅकेजचा एक बारकावा: एका केबिनमधल्या एका मोठ्या माणसाने मद्याचं पॅकेज घेतलं तर त्या केबिनमधल्या सगळ्या मोठ्या माणसांनी घ्यावं, असा नियम बहुतेक ठिकाणी आहे. तुमच्या तीन-दोन वाटणीत सासूबाई त्यातून आपोआप सुटतात.

विमा घेताना जहाजावरून हेलिकॉप्टरने किंवा बोटीने रुग्णालयात हलवण्याचा खर्च त्यात आहे का, आणि गुडघ्याच्या जुन्या ऑपरेशनची नोंद केल्यावरही तो लागू राहतो का, हे लेखी घ्या. जहाजावरच्या दवाखान्याचं बिल जागेवर भरावं लागतं.

व्हिसा लागत असेल तर दुसऱ्या मार्गावर एक खाच आहे. कुशादासी तुर्कस्तानात आहे. तिथे गेलात म्हणजे शेंगेन क्षेत्राबाहेर (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर) पडलात आणि ऱ्होड्सला पुन्हा आत आलात. एकदाच प्रवेशाचा शेंगेन व्हिसा तिथे चालत नाही, अनेकदा प्रवेशाचा हवा, शिवाय तुर्कस्तानचे नियम वेगळे बघावे लागतात. पहिला मार्ग सगळा शेंगेनमध्येच आहे.

मुलांचं थोडक्यात. किड्स क्लबच्या गटांत वय जहाज सुटायच्या दिवशीचं धरतात. मुलगा बाराचा म्हणजे काही ठिकाणी 12 ते 14 च्या गटात, मुलगी 6 ते 8 मध्ये. दोन्ही गट जुलैत दोन्ही जहाजांवर चालू असतात का ते विचारा. छोट्या जहाजांवर मोठ्या मुलांसाठी कधीकधी नुसती एक खोली आणि दोन व्हिडिओ गेम असतात. राइड्सना उंचीची अट असते, मुलीची उंची आधी मोजून बघा. मोठ्या जहाजावर गाजलेले शो आणि राइड्स जायच्या कित्येक दिवस आधी ॲपवर आरक्षित करावे लागतात. चढल्यावर बघू म्हणणाऱ्यांना रात्री साडेदहाची वेळ मिळते.

स्वच्छतेचा एक पुरावा फुकट मिळतो. जे जहाज अमेरिकेच्या बंदरांना जातं, त्याची अमेरिकेची आरोग्य संस्था सीडीसी अचानक तपासणी करते आणि 100 पैकी गुण जाहीर करते. 86 च्या खाली म्हणजे नापास. उन्हाळ्यात युरोपात असलेली बरीच जहाजं हिवाळ्यात तिकडे जातात, म्हणून दोन्हींची नावं तिथे शोधा. गुणांपेक्षा शेरे वाचा. एकाच स्वयंपाकघरातल्या फ्रिजचा शेरा लागोपाठ दोन अहवालांत असेल तर त्याकडे कोणी लक्ष दिलेलं नाही. प्रवाशांची मतं वाचताना नूतनीकरणानंतरचीच वाचा. पावसाच्या आणि रांगांच्या तक्रारी सोडून द्या. ‘एसी चालत नव्हता’, ‘गटाराचा वास’, ‘अमुक डेकवर थरथर’ हे तीन वेगळ्या माणसांनी लिहिलं असेल तर खरं धरा.

माझं मत पहिल्या जहाजाच्या बाजूने आहे. पाचही बंदरांना धक्का, जुलैतला शांत समुद्र, व्हिसाचं सोपं काम, मुलांना वाव. एजंटने सांगितलेला गर्दीचा फरक आकड्यांत दिसत नाही. माझं मत बदलेल ते एकाच कारणाने: सँटोरिनी बघणं हेच तुमच्या सहलीचं कारण असेल तर. तसं असेल तर दुसरं जहाज घ्या, पण जुलै सोडून सप्टेंबरच्या शेवटाला, आणि मुलांच्या शाळेचं काय करायचं ते तुम्ही ठरवा.

एजंटला फोन करताना हातात दोन जोड्यांचे चार केबिन नंबर ठेवा, पहिली पसंती आणि दुसरी. ‘मधल्या भागात कुठेतरी द्या’ असं सांगू नका, नंबरच सांगा. काही एजंट एक-दोन दिवस केबिन विनापैसे धरून ठेवतात, तेवढं मागा आणि त्या वेळात चार गोष्टी लेखी मिळवा: अनामत रक्कम परत मिळते की नाही, उरलेले पैसे किती तारखेपर्यंत भरायचे, त्याआधी भाडं उतरलं तर नवा दर मिळेल का, आणि नावात दुरुस्तीला किती पैसे पडतात. पाचही पासपोर्ट आजच काढून बघा. परतीच्या तारखेनंतर सहा महिने वैध असलेले बरे, आणि मुलांचे पासपोर्ट मोठ्यांपेक्षा लवकर संपतात. बार्सिलोनाला जहाज सुटायच्या आदल्या दिवशी पोचा. विमान उशिरा आलं म्हणून जहाज थांबत नाही.